वणवा बांध विचारत नाही

शिमग्याचे ढोल वाजायला लागले की आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात दोन गोष्टींची वर्दी मिळते. एक म्हणजे मुंबईचे चाकरमानी गावाकडे निघाले. दुसरी म्हणजे डोंगरावर कुठेतरी धूर दिसू लागला. पहिल्या वर्दीसाठी आपण अंगण सारवतो, तांदूळ दळून आणतो. दुसऱ्या वर्दीसाठी काही करत नाही. धूर पलीकडच्या डोंगरावर आहे ना, मग आपल्याला काय, असे म्हणून जेवायला बसतो.

२०२३ च्या मार्च महिन्यात संगमेश्वर तालुक्यातल्या, सह्याद्रीच्या पायथ्याकडच्या एका वाडीत पंचनाम्यासाठी गेलो होतो. तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक आणि मी. वाडीत चौदा घरे, त्यातली सहा कुलूपबंद. उरलेल्या आठ घरांत साठीच्या आतला माणूस शोधावा लागला. ज्यांची बाग जळाली ते आजोबा सत्तरी ओलांडलेले. बावीस हापूस कलमे आणि वर काजू. कलमांची पाने जाग्यावरच तांबडी होऊन लटकत होती, ठिबकच्या नळ्या वितळून जमिनीला चिकटल्या होत्या, आणि मोहोर हातात घेतला की चुरा होत होता.

"सायेब, माझ्या बागेत मी काडी ठेवली नव्हती," आजोबा म्हणाले. "पण जरा खालची जमीन बघा."

खालची जमीन म्हणजे भावकीची. सातबाऱ्यावर एकतीस नावे, त्यातले गावात राहणारे एकही नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तिथे नाचणी, वरी होत असे. आता कमरेइतके गवत आणि मधून मधून रानमोडी. दुपारी एकच्या सुमारास खाली ओढ्याच्या कडेला आग दिसली. ती बघून आजोबा, दोन म्हाताऱ्या बायका आणि दहावीत शिकणारा एक मुलगा, असे चौघे डहाळ्या घेऊन धावले. "अर्ध्या तासात समदं आटपलं. आमी नुसतं बघत व्हतो." घर वाचले ते मध्ये चिऱ्याचा गडगा होता म्हणून, आणि अंगण सारवलेले होते म्हणून.

मी विम्याचे कागद मागवणार होतो, तेवढ्यात लक्षात आले की उपयोग नाही. हवामानावर आधारित फळपीक विमा हा अवेळी पाऊस, तापमान, वारा यांच्या आकड्यांवर चालतो. वणव्यात जळालेले कलम त्यात बसत नाही. हे मला ठाऊक होते, पण आजोबांना सांगताना जीभ जड झाली. ज्यांनी हप्ता भरला आहे त्यांना हे आधीच माहीत असलेले बरे, म्हणून इथे लिहितो.

आता मुद्द्याचे बोलू. वणवे पूर्वीही लागत होते, मग आजच घरादारापर्यंत का येतात? माझ्या मते याचे कारण डोंगरावर नाही, आपल्या रिकाम्या घरांत आहे. पूर्वी घरे शाकारायला गवत लागे, गुरांना वैरण लागे, राबासाठी कवळ तोडली जाई, वरकस जमिनीत नाचणी पिके. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीपर्यंत वाडीभोवतीचे रान आपोआप साफ होई. आग डोंगरावर लागली तरी वाडीजवळ येईपर्यंत तिला खायला काही उरत नसे. आता कौले आणि पत्रे आले, गुरे कमी झाली, माणसे मुंबईला गेली. जमीन पड राहिली आणि गवत मात्र दरवर्षी येत राहिले. अशा वाडीत जो मागे राहिला आहे, त्याच्या चारी बाजूंना बारूद पसरून ठेवल्यासारखे आहे.

आग लावतो कोण, यावर चावडीत नेहमी वाद होतो. बांबूवर बांबू घासून पेटते असे सांगणारे एक दोघे असतातच. पण आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये वीज कडाडत नाही, आणि बांबूही रोज घासत असतो. बहुतेक वणवे माणसाच्या हातचे असतात, हे वन खातेही सांगते आणि मनातून आपणही जाणतो. कोणी विडी टाकतो, कोणी मधासाठी धूर करतो, कोणी शिकारीसाठी रान पेटवतो. वाऱ्यावर झोळ पडलेल्या विजेच्या तारा एकमेकींना लागून ठिणग्या पडतात. आणि "जाळलं की पुढल्या साली गवत चांगलं येतं" हा समज अजून गेलेला नाही. जळल्यावर पहिला फुटवा हिरवागार दिसतो हे खरे, पण जी राख आणि भुसभुशीत माती पहिल्या पावसात ओढ्याला जाते ती परत येत नाही. दोन-चार वर्षे ओळीने जळालेला डोंगर पाहा, खाली दगड दिसू लागतात.

राबाचे मात्र वेगळे बोलले पाहिजे. राब भाजणाऱ्याला गुन्हेगार ठरवणाऱ्यांतला मी नाही. शेण, पातेरा, कवळ, गवत आणि वर माती असे थर घालून भाताच्या रोपाची जागा भाजली की तणाचे बी मरते, राखेतून पालाश मिळते, रोप जोमदार येते. आपल्या वाडवडिलांनी हे उगीच केले नाही. पण वणवा सुटतो तो पुष्कळदा याच राबातून. दुपारी पेटवून माणूस जेवायला घरी येतो आणि वारा फिरतो. भाजायचेच तर पहाटे भाजावे, भोवती दहा फूट जमीन आधी खरवडून घ्यावी, पाण्याची दोन पिंपे जवळ ठेवावीत आणि निखारा विझेपर्यंत तिथून हलू नये. ज्यांना बदल करून बघायचा आहे त्यांनी डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीतली पहिली दोन सूत्रे पाहावीत. भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळायची, दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो, आणि चिखलणीच्या वेळी गिरीपुष्पाचा हिरवा पाला शेतात गाडायचा. तुसाची राख भातगिरणीजवळ घमेल्यात करता येते, त्यासाठी डोंगर पेटवावा लागत नाही. सगळ्या गावाने एकदम राब सोडावा असे मी म्हणणार नाही. एका वाफ्यावर करून बघा, रोप डोळ्यांना दिसेल.

आमच्या विस्तारवाल्यांचीही एक चूक इथे कबूल करतो. आंबा-काजूच्या नव्या कलमांना वाळल्या गवताचे आच्छादन घाला, ओल टिकते, असे आम्ही मेळाव्यात सांगतो. ते बरोबरच आहे. पण बागेच्या कडेच्या ओळीला तेच आच्छादन वणव्याची वात होते. खोडाला टेकलेले गवत पेटले की साल भाजते, आणि कलम वरून हिरवे दिसत असले तरी खालून गेलेले असते. म्हणून जानेवारी संपता संपता कडेच्या दोन ओळींचे आच्छादन खोडापासून दोन-तीन फूट मागे ओढा, त्यावर मातीचा थर द्या किंवा तिथे दगडांचे आच्छादन करा. आमच्या कातळावर दगडांना काय तोटा?

जाळरेषेविषयी सगळ्यांना थोडे माहीत असते, पण करताना तीन ठिकाणी चुकते. पहिले, रुंदी. कोयत्याने चार फूट पट्टा काढला की काम झाले असे वाटते. गुडघ्याच्या खालचे गवत असेल तर दहा फूट ठीक आहे, पण कमरेइतके असेल आणि बाग चढावर असेल, तर खालच्या बाजूला पंधरा-वीस फूट पाहिजे. आग चढावर पळते. उतार दर दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात. त्यात दुपारचा खारा वारा पश्चिमेकडून डोंगराकडे वाहतो. म्हणून आपल्याकडे बारा ते चार हे तास सर्वात वाईट. दुसरे, कापलेले गवत तिथेच टाकून देतात. कापून पट्ट्यात पसरलेले गवत उभ्यापेक्षा चांगले पेटते. ते उचलून न्या, वैरणीला लावा, नाहीतर खताच्या खड्ड्यात टाका. तिसरे, वेळ. जाळरेषा जाळून करायची असेल तर कार्तिक-मार्गशीर्षात, आजूबाजूचे गवत अर्धे ओले असताना, पहाटेच्या दवात करावी. शिमग्याच्या तोंडावर जाळरेषा जाळायला गेलेल्यांनीच लावलेले वणवे मी पाहिले आहेत. आता ग्रासकटर घरोघरी आले, म्हाताऱ्या माणसालाही तासाभरात बराच पट्टा निघतो. फक्त तापलेल्या मशीनमध्ये पेट्रोल ओतू नका, आणि पाते दगडावर आपटून ठिणगी पडते हे ध्यानात ठेवून काम सकाळीच उरका.

जिथे चिऱ्याचा गडगा आहे तिथे तो नीट करा. वाळलेल्या काट्याकुट्यांची वई म्हणजे पेटलेल्या डोंगरापासून तुमच्या मांगरापर्यंत ओढलेली दोरी.

पण खरी अडचण गवताची नाही, सहीची आहे. आपल्या जमिनीत रेषा कोणीही काढील. शेजारच्या एकतीस नावांच्या पडीत कोण काढणार? "आमच्या जमिनीत पाय ठेवला कसा" म्हणून पुढे भांडण यायचे, म्हणून कोणी हात लावत नाही. यावर उपाय सांगतो, जरा विचित्र वाटेल. वणव्याची बैठक गणपतीत घ्या. त्या वेळी डोंगर हिरवागार असतो, आगीचे नाव कोणाच्या डोक्यात नसते. पण सातबाऱ्यावरची बहुतेक माणसे तेव्हा गावात असतात. आरती झाल्यावर अर्धा तास बसा, वाडीभोवती रेषा कुठून कुठे जाईल ते ठरवा आणि एका कागदावर संमती घ्या: या पट्ट्यातले गवत कापण्यास आमची हरकत नाही, यामुळे मालकी वा वहिवाटीचा हक्क निर्माण होत नाही. दुसरे वाक्य महत्त्वाचे आहे, लोक त्यालाच भितात. प्रत्येक वाडीचे मुंबईत मंडळ असते. देवळाच्या रंगाला मंडळ पैसे देते, तसे ग्रासकटरच्या पेट्रोलला आणि चार गड्यांच्या मजुरीलाही देईल, मागितले पाहिजे. गणपतीत राहून गेले तर २६ जानेवारीची ग्रामसभा ही शेवटची गाडी. वन खाते वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरते, त्याआधी रेषा पूर्ण व्हावी.

ग्रामपातळीवरच्या मंडळींसाठी दोन शब्द. "आग विझवणे वन खात्याचे काम" असे आपण म्हणतो. आपल्या जिल्ह्यात सरकारी वन फार थोडे, बहुतेक डोंगर मालकीचे. तेव्हा वनरक्षकाची वाट बघत बसलो तर राखच हाती येईल. आणि जिथे राखीव वा संरक्षित वन आहे, तिथे भारतीय वन अधिनियम, १९२७ चे कलम ७९ वाचून पाहावे. लगतच्या गावात शासनाचा पगार किंवा मानधन घेऊन गावाचे काम करणारा, तसेच त्या वनात चराईचा वा लाकूडफाट्याचा हक्क वापरणारा, या सगळ्यांवर आगीची खबर देण्याचे आणि आग विझवायला हात लावण्याचे बंधन आहे. पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, मी, कोणी सुटत नाही. त्याच कायद्याच्या कलम २६ मध्ये असेही आहे की राखीव वनात मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली गेली, तर शासन त्या भागातली चराई आणि वनोपजाचे हक्क काही काळ बंद करू शकते. एकाने काडी लावायची आणि सगळ्या गावाची गुरे दावणीला, असा तो प्रकार. मालकीच्या जमिनीतल्या निष्काळजी आगीला भारतीय न्याय संहितेचे कलम २८७ आहे. पण खरे सांगायचे तर वाडीत कलमापेक्षा कागदावरची संमती जास्त कामाला येते.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून दिसलेल्या आगीचे संदेश मोबाईलवर पाठवते, नाव नोंदवले की कोणालाही मिळतात. पोलीस पाटलांनी तरी नोंदवावे. मात्र उपग्रह काही वाडीवर टांगलेला नाही, तो ठरावीक वेळी वरून जातो. वाडीतली म्हातारी ओटीवरून धूर आधी बघते. तिच्याकडे कोणाचा नंबर आहे, हे बघा. वन खात्याचा १९२६ आणि तातडीचा ११२ हे आकडे भिंतीवर कोळशाने मोठे लिहून ठेवा.

आता आग आलीच तर. घरी थांबायचे की निघायचे? ऑस्ट्रेलियात वणव्याच्या देशात राहणाऱ्या लोकांना कित्येक वर्षे सल्ला असे की तयारी करून घर राखा, नाहीतर लवकर निघा. ७ फेब्रुवारी २००९ ला व्हिक्टोरिया राज्यात एका दिवसाच्या वणव्यांनी १७३ माणसे गेली, त्यातली बरीचशी घरात किंवा घराच्या आसपास. वाऱ्याने उडालेल्या ठिणग्या आगीच्या किती तरी पुढे जाऊन पडत होत्या. त्यानंतर तिथे भर "लवकर निघा" यावर आला. आपले वणवे तसे राक्षसी नसतात, आपले गवत जळते, जंगलाचा शेंडा सहसा पेटत नाही. पण आपल्या वाडीत राखायला माणूस कोण आहे? सत्तर वर्षांची जोडपी. त्यांनी घर राखायचे म्हणजे काय करायचे, तर आग यायच्या आधी राखायचे. पन्हळीतला आणि कौलांवरचा पातेरा काढायचा, पडवीतला लाकडांचा ढीग मागच्या बाजूला न्यायचा, पेंढ्याची उडवी घरापासून आणि गोठ्यापासून निदान पन्नास फूट लांब रचायची. आणि धूर वाडीच्या दिशेने वळला की गुरांची दावी सोडायची, कापावी लागली तर कापायची, आणि आधी ठरलेल्या जागी जायचे. ती जागा म्हणजे भात कापून गुरांनी चरून साफ केलेली खाचरे, उघडा कातळ किंवा देवळाचे सारवलेले आवार. डोंगराच्या दिशेने वर कधीच जायचे नाही. ११ मार्च २०१८ ला तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात गवताच्या आगीत सापडलेले वीसहून अधिक गिर्यारोहक दगावले. ती तरुण, धट्टीकट्टी माणसे होती.

जे विझवायला जातील त्यांनी नायलॉन-टेरिकॉटचे कपडे घालू नयेत, ते अंगाला चिकटतात. सुती कपडे, पायात बूट, तोंडाला ओला पंचा. आगीच्या समोर किंवा वरच्या बाजूला उभे राहू नका, जळून काळ्या झालेल्या बाजूने शिरून कडा विझवत पुढे जा. डहाळी आपटायची नाही, दाबायची. आपटली की ठिणग्या उडतात आणि तुमच्या पाठीमागे दुसरी आग लागते. दुपारी जी आग दहा माणसांना आवरत नाही, ती पहाटे वारा पडल्यावर तिघांना आवरते. तेव्हा दुपारी माणसे आणि गुरे वाचवा, पहाटे डोंगर वाचवा. आणि विझली म्हणून घरी येऊ नका. वाळका ओंडका दोन दिवस आतून धुमसतो.

बाग जळाल्यावर लगेच कुऱ्हाड घेऊ नका, ही शेवटची विनंती. पाने करपली म्हणजे झाड मेले असे नाही. पंचनामा होऊ द्या, फोटो काढून ठेवा, पाणी असेल तर थोडे थोडे द्या. तडकलेल्या सालीवर बोर्डो पेस्ट लावा, एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी. पहिले दोन पाऊस झाले की चाकूच्या टोकाने साल खरवडा. खाली हिरवे दिसले तर आशा आहे. काजूच्या भाजलेल्या झाडावर खोड आणि मूळ पोखरणारी अळी पटकन येते, बुंध्याशी भुसा दिसतो का ते पाहत राहा. आणि हापूसच्या कलमाला फूट आली म्हणून हरखून जाऊ नका. फूट जोडाच्या वर आली असेल तर हापूस, जोडाच्या खालून आली असेल तर ती रायवळ. पाच-सहा वर्षे वाढवून आंबा लागल्यावर कळते आणि मग कपाळाला हात.

त्या आजोबांच्या बावीस कलमांपैकी नऊ जोडाच्या वरून फुटली. सहा खालून फुटली, त्यांच्यावर जुलैत मृदकाष्ठ कलमे बांधून घेतली, चार जगली. बाकीची सात गेली. त्याच वर्षी गणपतीत एकतीस नावांपैकी एकोणीस जणांनी कागदावर सही केली, चौघांनी मुंबईहून फोनवर होकार दिला. उरलेल्यांचे पत्ते अजून सापडायचे आहेत. डिसेंबरात खालच्या पडीत अठरा फुटांचा पट्टा निघाला, दहावीतला तो मुलगा ग्रासकटर चालवत होता. आजोबा बांधावर बसून त्याला सांगत होते, "अजून एक हात खाली घे रे, अजून एक हात."